फॉगर्टीसाहेब उभे राहतात

आमच्या नागपुरात, माझ्या माहेरच्या गल्लीत, दोरीवर काळा झगा वाळत असला की समजायचं, घरात हायकोर्टाचं माणूस आहे. त्या घरापुढून जाताना पोरं सायकलची घंटीसुद्धा वाजवत नसत. म्हणून इथे कॅनडात, ओकव्हिलला, शेजारच्या टाउनहाउसमध्ये नव्याने राहायला आलेल्या गृहस्थांच्या डेकवर एका सकाळी काळा झगा वाळताना दिसला, तेव्हा मी चटकन पदर सावरला. अंगात ट्रॅकपँट आणि ह्यांचा जुना स्वेटर होता; पदर नव्हताच. पण हात खांद्याकडे गेला खरा.

"अहो, शेजारी जज्ज राहायला आलेत."

"कशावरून?"

"झग्यावरून."

"बरं. मग तू आता जरा हळू भांडत जा," हे म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले.

दोन हजार चारचा उन्हाळा असावा. मी साठीला टेकले होते. साठी बुद्धी नाठी म्हणतात. माझी नाठी झाली असती तर बरं झालं असतं. ती उलट फार जोरात धावत होती, आणि नेहमी चुकीच्या दिशेने. आज ऐंशी ओलांडल्यावर त्या बाईकडे मागे वळून बघते तेव्हा तिला एक चापट मारावीशी वाटते.

गृहस्थांचं नाव लायमन फॉगर्टी. अमेरिकन, मूळचे ओहायोचे, पंच्याहत्तरीच्या आसपासचे. पांढरेशुभ्र केस मागे वळवलेले, भुवया अशा की चिमणीने घरटं बांधावं, आणि चेहरा असा की समोर गेल्यावर आपण काहीतरी केलेलं आहे असं वाटायचं. कोपऱ्यावरचा पोर्तुगीज शेजारी त्यांना पाहिलं की, कोणी विचारलेलं नसताना, आपण रिसायकलिंगचा निळा डबा चुकीच्या दिवशी का बाहेर ठेवला याचा खुलासा करायचा. फॉगर्टीसाहेब ऐकून घ्यायचे. मग थांबायचे. बराच वेळ थांबायचे. शेवटी "ठीक आहे" म्हणायचे, आणि तो माणूस सुटल्यासारखा घरी पळायचा.

ते थांबणं हा त्यांचा खास गुण. साध्या प्रश्नालाही ते लगेच उत्तर देत नसत. एकदा ह्यांच्याबरोबर ते कॉफीच्या ड्राइव्ह-थ्रूला गेले. खिडकीआधीच्या त्या स्पीकरवाल्या खांबातून मुलीने विचारलं, कॉफीत दूध किती, साखर किती? साहेब विचारात पडले. मागे सात गाड्या उभ्या राहिल्या. खांबातून आवाज आला, "सर, आहात ना तुम्ही?" साहेब म्हणाले, "तोच तर प्रश्न आहे." हे घरी आले ते थेट मला म्हणाले, "तुझा जज्ज पोचलेला माणूस आहे."

आणखी एक. आमचं आडनाव पिंपळापुरे. तीस वर्षांत बँकेने, डॉक्टरने, ह्यांच्या ऑफिसनेही ते कधी पूर्ण घेतलं नाही. मी सगळ्या देशाची मिसेस पी. फॉगर्टीसाहेबांनी पहिल्या दिवशी नाव विचारलं, आणि पुढचे तीन दिवस कुंपणापलीकडून, टोमॅटोच्या रोपांमधून, आवाज येत राहिला: "पिंपळा... पुरे. पिंपळा... पुरे." चौथ्या दिवशी समोर येऊन, मान झुकवून, "सुप्रभात, मिसेस पिंपळापुरे." ळ सुद्धा नागपुरी. मी गहिवरले. एवढे मोठे न्यायमूर्ती, आणि किती ती आस्था!

(त्यांचं बोलणं अर्थातच इंग्रजीत व्हायचं. मी मराठीत लिहिते आहे, कारण माझं इंग्रजी जसंच्या तसं लिहिलं तर तुम्ही त्यालाच हसत बसाल, ळ कडे लक्षच देणार नाही.)

आता आपल्या शेजारी न्यायमूर्ती राहतात म्हटल्यावर टोरोंटोच्या मराठी मंडळाला कळवणं आलंच. आमच्या मंडळात प्रमुख पाहुण्यांचा दुष्काळ कायमचा. आमचेच तीन डॉक्टर आणि दोन प्रोफेसर आळीपाळीने प्रमुख पाहुणे व्हायचे, आणि शालही तीच फिरायची. अध्यक्ष सबनीस तर फोनवरच उभे राहिले असावेत. "शालूताई, गणपतीला त्यांना आणाच! मोदक स्पर्धेचा निकाल त्यांच्या हस्ते."

मी साबुदाण्याच्या पापडांचा डबा घेऊन गेले आणि आमंत्रण दिलं. साहेबांनी एकच प्रश्न विचारला. "मी कोण म्हणून यायचं?"

"जज्ज म्हणूनच! आणि जमलं तर," मी लाजत म्हटलं, "तो काळा झगा घालून याल का? लोकांवर छाप पडेल."

ते थांबले. मग म्हणाले, "किती मिनिटं?"

"दहा-पंधरा."

"सही आहे."

गाडीतून जाताना त्यांनी विचारलं, दिग्दर्शक कोण? मी म्हटलं, सगळं सबनीसच बघतात. मंडळाचा गणपती टोरोंटोच्या एका शाळेच्या हॉलमध्ये बसायचा; तिथे त्यांनी सबनीसांना बाजूला घेऊन गंभीरपणे विचारलं की आपल्याला प्रकाश कुठून मिळणार आहे. सबनीस मला म्हणाले, "काय आध्यात्मिक माणूस आहे हो!"

त्या वर्षी मोदकांवरून मंडळ फुटायच्या बेतात होतं. एकीकडे सबनीसवहिनी, एकोणीसशे बहात्तरपासून टोरोंटोत उकडीचे मोदक करणाऱ्या, तेही एकवीस पाकळ्यांचे. दुसरीकडे वॉटर्लूहून आलेली मनीषा नावाची सॉफ्टवेअरवाली मुलगी. तिने चिनी दुकानातून डंपलिंगच्या तयार पाऱ्या आणून, त्यात सारण भरून, वीस मिनिटांत साठ मोदक केले होते. आणि वाईट गोष्ट अशी की ते छान झाले होते. जुने एका बाजूला बसले, नवे दुसऱ्या बाजूला, मधल्या खुर्च्यांवर जॅकेटं.

"पारी विकतची म्हणजे नैवेद्य कसला?" वहिनी म्हणाल्या.

"काकू, तुमचा नारळही फ्रोझनच आहे ना?" मनीषा म्हणाली.

हॉलमध्ये गलका झाला. तेवढ्यात स्टेजवरून एक आवाज आला. मोठा नव्हता, पण खाली बसवणारा होता. "ऑर्डर."

सगळे बसले. पंधरा वर्षांत सबनीसांना जे जमलं नव्हतं ते त्या एका शब्दाने झालं. साहेबांनी दोन्ही ताटं पुढे ओढली. शांतपणे सहा मोदक इकडचे खाल्ले, सहा तिकडचे. मग थांबले. चारशे माणसं एका अमेरिकन माणसाच्या भुवयांकडे बघत होती. मग निकाल आला. "दोघीही दोषी. शिक्षा: पुढच्या शनिवारी दोघींनी एका स्वयंपाकघरात, एकत्र, माझ्यासमोर पुन्हा करायचे."

असा टाळ्यांचा कडकडाट मी मंडळात पुन्हा ऐकला नाही. शाल, श्रीफळ, फोटो. परतताना साहेब फार खुशीत होते. "तुमच्याकडे बॅकग्राउंडचे नट फारच उत्तम आहेत," ते म्हणाले. मला वाटलं, साखर चढली असेल.

भांडं फुटलं ते नोव्हेंबरात, एका दुपारी. मी भाजी निवडत टीव्ही लावला आणि बघते तर फॉगर्टीसाहेब! झगा घालून कोर्टात. मी हातातली मेथी ठेवून उभी राहिले. पुढच्या क्षणी ते आपल्या खोलीत एका माणसाकडून लिफाफा घेताना दिसले. त्याच्या पुढच्या क्षणी दोन पोलिसांनी त्यांना बेड्या घातल्या. त्यांची ती मान खाली गेली. मग कुत्र्याच्या बिस्किटांची जाहिरात.

मी बातम्या समजले. हो, समजले! हसा. ज्या बाईने झग्यावरून जज्ज ठरवला ती लिफाफ्यावरून काय ठरवणार? मला वाटलं, आता त्यांच्या घरी कोण असेल, बायको तर वारलेली, मुलगी ओहायोत. आमच्याकडे संकटात रिकाम्या हाताने जात नाहीत. मी साबुदाण्याचे वडे तळले, रडत रडत तळले, डबा भरला आणि त्यांची बेल वाजवली.

दार त्यांनीच उघडलं. पायजम्यात.

"सोडलं तुम्हाला?"

"कोणी?"

"पोलिसांनी! काळजी करू नका. आमचे हे जामीन राहतील. माणसाकडून चूक होते. पण लिफाफा, फॉगर्टीसाहेब? तुमच्यासारख्याने?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि दारातच पायरीवर बसले. मला वाटलं, झटका आला. त्यांना हसू आलं होतं. ते इतके हसले की पोर्तुगीज शेजारी धावत आला आणि खुलासा करायला लागला.

नट! न्यायमूर्ती कसले, नट! टोरोंटोत अमेरिकन मालिकांचं शूटिंग चालायचं. इथल्या रस्त्यावर पिवळ्या टॅक्स्या उभ्या केल्या की झालं न्यूयॉर्क. फॉगर्टी अशाच एका मालिकेसाठी तीन आठवडे आले, एका कॅनेडियन बाईशी लग्न करून राहिले, आणि वीस वर्षं जज्जच झाले. गावठी जज्ज, बहिरा जज्ज, विकला गेलेला जज्ज. स्टुडिओचे झगे खांद्यात आखूड पडतात म्हणून हा माणूस स्वतःचा झगा बाळगायचा.

खरं तर मला राग यायला हवा होता. पण डोळे पुसत त्याने विचारलं काय? "बेड्या घातल्या तेव्हा मी कसा वाटलो? विश्वास बसला?"

"इतका की मी वडे तळले."

तो बराच वेळ थांबला. "पन्नास वर्षांत," तो म्हणाला, "यापेक्षा चांगलं परीक्षण माझ्यावर आलेलं नाही."

त्या दिवसापासून फॉगर्टीसाहेब माझ्यापुरते 'ते' राहिले नाहीत, 'तो' झाले. आदर गेला म्हणून नाही. माझे वडे खाताना जो तोंड भाजून घेतो त्याला अहोजाहो करता येत नाही.

लायमनचा खरा जीव रंगभूमीवर. तरुणपणी ओहायोत आणि पुढे न्यूयॉर्कच्या लहान लहान थिएटरांत त्याने उभ्याने कामं केली होती. उभ्याने, हा शब्द त्याचा. "टीव्हीने मला खुर्चीत बसवलं, मिसेस पिंपळापुरे, आणि मी बसलो. बसलेला माणूस काहीही खपवू शकतो. उभ्या माणसाविरुद्ध त्याचे गुडघे साक्ष देतात." झग्याखाली तो म्हणे कायम पायजमाच घालायचा, वीस वर्षांत कॅमेऱ्याने त्याचे पाय पाहिले नव्हते.

दोन-तीन वर्षांनी, त्याची अठ्ठ्याहत्तरी चालू असताना, टोरोंटोच्या एका छोट्या थिएटरने त्याला नाटकात घेतलं. दीपगृहाचा म्हातारा रखवालदार. पूर्ण वेळ उभा. आणि शेवटी दीड पानाचं सलग भाषण. बातमी सांगायला तो आला तेव्हा चेहरा लग्न ठरल्यासारखा होता. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा सुतक असल्यासारखा.

"पाठ होत नाही," तो म्हणाला.

"होईल की. सावकाश."

"तुम्हाला कळत नाहीये. जज्जाच्या टेबलावर कागदांचा ढीग असतो. वीस वर्षं माझी वाक्यं त्या ढिगात ठेवलेली असायची. मी काहीही पाठ केलेलं नाही. आणि आता..." त्याने कपाळावर बोट ठेवलं. "आता कधीकधी साध्या गोष्टीही सापडत नाहीत. हे दिग्दर्शिकेला कळलं तर ती मला काढेल. आणि हे नाटक गेलं तर मी बसूनच मरणार."

इथे मला एक कबुली द्यायला हवी. नागपूरला कॉलेजात असताना मी प्रॉम्प्टर होते. विंगेत उभं राहून, संहिता हातात धरून, नटांना वाक्यं पुरवायची. मी इतकी उत्साही होते की नटाने श्वास घेतला तरी वाक्य द्यायची. स्पर्धेच्या अंतिम फेरीत आमच्या नायकाने आईच्या मृत्यूची बातमी ऐकून एक सुंदर पॉज घेतला. मी त्या शांततेला घाबरले आणि पुढचं वाक्य एवढ्या खणखणीत आवाजात दिलं की शेवटच्या रांगेतून टाळी आली. मला! तो नायक सहा महिने माझ्याशी बोलला नाही. मग त्याने माझ्याशी लग्न केलं. अजूनही ह्यांचं निम्मं वाक्य मीच पूर्ण करते.

"मी देते तुला वाक्यं," मी लायमनला म्हटलं.

सगळा हिवाळाभर तो रोज सकाळी दहाला आमच्या स्वयंपाकघरात यायचा आणि फ्रिजपुढे उभा राहून भाषण म्हणायचा. मी पोळ्या लाटत त्याची भाषणाची वही बघायची. "दिवा मी जहाजांसाठी लावत नव्हतो," तो म्हणायचा आणि थांबायचा.

"अंधार कुठे संपतो ते मला..." मी लगेच.

"माहीत आहे मला! तो पॉज होता!"

"मग मला कसं कळणार?"

"कळलं पाहिजे! तेच तर काम आहे!"

"आणि मी म्हणते, जहाजं येत नाहीत तर दिवा विझवून झोपावं की माणसाने."

"नाटक तुम्ही लिहिलेलं नाही, मिसेस पिंपळापुरे!"

"म्हणूनच एवढं लांबलंय!"

हे हॉलमधून ओरडायचे, "शालू, त्याला पॉज घेऊ दे गं! मला नाही दिलास, निदान त्याला तरी दे!"

पण हळूहळू मला कळायला लागलं. पॉज घेताना लायमनच्या चेहऱ्यावर काहीतरी हलत असायचं. डोळ्यांमागे कोणीतरी चालत येतंय असं. विसरला, की मात्र तो एकदम रुबाबदार व्हायचा. पाठ ताठ, हनुवटी वर, पुतळ्यासारखा. जितकं जास्त विसरलेला तितका जास्त भव्य. टीव्हीवाल्यांनी वीस वर्षं ज्या चेहऱ्याला जज्ज म्हणून घेतलं, त्यातला थोडा भाग हा असणार. मी त्याला हे सांगितलं नाही. नटाला आपलं गुपित कळलं की तो ते वापरायला लागतो.

थिएटरात प्रॉम्प्टर नसतो म्हणे. दिग्दर्शिका पस्तिशीची, डोक्यावर लोकरी टोपी. मी विंगेत बसू का विचारलं तर म्हणाली, "ओह, वी डोन्ट रिअली डू दॅट." मग आम्ही दोघांनी पहिल्या रांगेतल्या मधल्या दोन खुर्च्यांची तिकिटं घेतली. बारा प्रयोग, बाराही. दर खेपेला मी तीच जांभळी शाल पांघरून बसायची आणि ओठ हलवायची. शेजारची माणसं मला फार धार्मिक बाई समजत.

अकरा प्रयोग मला तोंड उघडावं लागलं नाही. एकदा तो भव्य व्हायला लागला, तेव्हा मी नुसता खोकला काढला, तर गाडी रुळावर आली. गुडघे थरथरायचे, पण उभा होता.

बारावा प्रयोग, शेवटचा, रविवारी दुपारी होता. थिएटर भरलं होतं. ओहायोहून मुलगी आली होती. प्रयोगानंतर पंधरा दिवसांत ती बापाला घेऊन जाणार होती, सगळं ठरलं होतं. नाटक शेवटाला आलं. "दिवा मी जहाजांसाठी लावत नव्हतो," लायमन म्हणाला आणि थांबला.

मी चेहरा बघितला. आणि मला कळेना. डोळ्यांमागे कोणी येत होतं की घर रिकामं होतं? हनुवटी वर होती, पण थोडीच. शांतता वाढत गेली. मागे कोणाची तरी खुर्ची करकरली. वाक्य माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं, तोंडातल्या गरम घासासारखं. ह्यांनी माझं मनगट धरलं. चाळीस वर्षांच्या संसारात एवढ्या जोरात कधी धरलं नव्हतं. "नको," ते कुजबुजले. आयुष्यात पहिल्यांदा मी एक शांतता तशीच राहू दिली. फार दुखलं.

"अंधार कुठे संपतो," लायमन म्हणाला, अगदी हळू, "ते मला कळावं म्हणून लावत होतो."

मग सरळ दीड पान. एक शब्द इकडेतिकडे नाही. लोक उभे राहिले. मी राहिले नाही; माझेच गुडघे साक्ष द्यायला लागले होते.

नंतर लॉबीत, फुलांचे गुच्छ सांभाळत तो माझ्याजवळ आला. मी विचारलं, "तो पॉज होता की..."

"तुम्हाला काय वाटलं?"

"पॉज," मी म्हटलं.

"छान," तो म्हणाला.

मुलगी आत रंगपटातलं त्याचं सामान आवरत होती. हे गाडी गरम करायला पुढे गेले. मी वॉशरूममधून येईपर्यंत लायमन बाहेर पडला होता. पार्किंग लॉटमध्ये बारीक बर्फ पडत होता. गाडी त्याने वर्षभरापूर्वीच विकली होती. येताना आमच्याच गाडीतून आला होता, सगळी वाट वहीतलं भाषण म्हणत. आणि आता गाड्यांच्या दोन रांगांमध्ये, एका लाल ट्रकसमोर, हातात फुलं धरून तो उभा होता. केसांवर बर्फ साठत होता. प्रेक्षकांपैकी एक जोडपं बाजूने गेलं, आणि नवरा बायकोला म्हणाला, "बघ, काय उभा आहे हा माणूस!" खरंच. इतका भव्य मी त्याला कधीच पाहिला नव्हता.

मी त्याच्या जवळ गेले, पण समोर गेले नाही. जिथे विंग असते तिथे, जरा मागे, डाव्या बाजूला उभी राहिले. आणि जसं द्यायचं असतं तसं, ओठ न हलवता, फक्त त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "पिंपळापुऱ्यांची गाडी. राखाडी. पुढची सीट."

त्याने मागे वळून पाहिलं नाही. चांगला नट कधीच पाहत नाही. त्याने एक श्वास घेतला आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाला, "मी पिंपळापुऱ्यांच्या राखाडी गाडीत, पुढच्या सीटवर बसणार आहे!"

आणि सगळं त्याच्याच मनात आधीपासून होतं अशा थाटात चालत जाऊन बसला.